चार गुन्ह्यांचा नवरा

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात एकच गुन्हा केला. बाकीचे तीन आम्ही घरच्यांनी केले, आणि तेही त्याच्या नावावर.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे माझा स्वभावच तसा झालाय, असं आमचे हे म्हणतात. शेजारचा माणूस चुकणारच, हे मी धरूनच चालते. पण माझ्या धंद्यात तो खरंच चुकतो, त्याला मी काय करू? ह्यांचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का?' असं विचारतात आणि घरी आले की स्वतःचा चष्मा शोधत फिरतात. खालच्या मजल्यावर आई आणि धाकटा राहतात. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि चांगल्या करतो. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

त्याचा गुन्हा जुना आहे. ऐन विशीत त्याने आणि त्याच्या एका मित्राने बंद पडलेल्या कारखान्यातून तांब्याची तार चोरली. पकडला गेला, शिक्षा झाली, दीड वर्ष आत होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आम्ही सांगितलं की बोटीवर नोकरी लागली. आईने त्या बोटीत इतका जीव ओतला, की समोरच्या काकू अजूनही धाकट्याला वादळाबद्दल विचारतात. घरात मात्र त्या दीड वर्षाचा विषय निघत नाही. 'तो नव्हता तेव्हा' एवढंच आम्ही म्हणतो. सुटून आला त्या दिवशी आई म्हणाली, "आंघोळ करून घे, पाणी तापलंय." झालं. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही.

अशा या आमच्या बंधुराजांना बायको मिळाली ती लिफ्टमध्ये. परदेशातली एक जनावरांची डॉक्टर कसल्याशा परिषदेला आली होती. हॉटेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत ती एकटी. हा वर बसून पाना फिरवत होता आणि खाली तोंड करून तिच्याशी बोलत होता. ती म्हणते, बिथरलेल्या घोड्याशी मी जशी बोलते, तसा तो माझ्याशी बोलत होता. माणसाच्या बाबतीत ही निवडीची पद्धत योग्य आहे का, मला ठाऊक नाही. पण त्यानंतर ती आणखी दोनदा आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा दोघांनी रजिस्ट्रारसमोर सह्या केल्या.

आम्ही तिला 'डॉक्टर' म्हणतो. आपली भाषा ती आईशी फोनवर बोलून शिकली, त्यामुळे ती थेट आईसारखीच बोलते. पस्तिशीची उंचपुरी बाई "मेलं लक्षातच राहत नाही हल्ली" असं म्हणते तेव्हा मला हसू आवरत नाही.

तिच्या राहण्याची मुदत संपली, ती परत गेली, आणि आता तिला कायमची आणायची तर नवऱ्याने सरकारकडे अर्ज करायचा, मी हिचा भार उचलतो म्हणून. त्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?

आम्ही वकीलबाईंकडे गेलो. आम्ही म्हणजे धाकटा, आई, मी आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे राहिलेले हे. वकीलबाई म्हणाल्या, "गुन्हा जुना आहे, एकच आहे, नंतर काही नाही. त्यासाठी सहसा अडवत नाहीत. लपवलात तर मात्र अडवतील. सरळ लिहायचं. आणि एक गोष्ट, बायकोला हे सगळं माहीत असलं पाहिजे. तिकडच्या वकिलातीत तिला एकटीला बसवून विचारतात. तिला माहीत नसेल तर अर्ज तिथेच संपला. तिला माहीत आहे ना?"

"आहे," धाकटा म्हणाला आणि मान हलवली.

ती मान मी लहानपणापासून ओळखते. 'अभ्यास झाला का?' म्हटलं की हलायची, तीच. मी आईकडे पाहिलं, आईने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे पाहिलं. जिन्यावरून उतरताना तिघांच्याही मनात एकच होतं: याने तिला काहीही सांगितलेलं नाही, आणि आता ते आपल्यालाच सांगावं लागणार.

आम्ही तिघं एकत्र बसून बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आमच्या घराण्यात एकत्र बसून फक्त दुसऱ्यांबद्दल बोलतात.

मी दोन दिवसांनी डॉक्टरला फोन केला. विचार पक्का होता, खरं काय ते सांगून टाकायचं. पण 'चोरी' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. चोर म्हटलं की माणूस आधी स्वतःच्या वस्तू मोजायला लागतो. परक्या देशातली मुलगी, तिच्या आईबापांना काय वाटेल? मग मी म्हटलं, "अगं, तो नव्हता तेव्हा… म्हणजे एकदा तो तुरुंगात होता. एका मित्रासाठी त्याने खोट्या कागदांवर सही केली होती. फसवणुकीचं प्रकरण." कागदाच्या गुन्ह्याला जरा प्रतिष्ठा असते. टाय बांधलेली माणसंही तो करतात. तुरुंग खरा होता, मुद्दा तेवढाच होता, कशासाठी ते फाइलमध्ये असणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

डॉक्टर म्हणाली, "बाई गं."

"आणि मी सांगितलंय हे त्याला कळू देऊ नकोस हं. त्याला वाईट वाटेल."

"नाही कळू देणार, ताई."

फोन ठेवला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की मी स्वतःसाठी दुसरा चहा केला.

त्याच आठवड्यात आईनेही तिला फोन केला आणि ह्यांनीही, हे मला मागाहून कळलं. दोघांनीही तिला शेवटी तेच बजावलं: कुणाला सांगू नकोस. ती शब्दाला जागणारी बाई. तिने कुणालाच सांगितलं नाही.

पुढचे काही आठवडे धाकटा कावराबावरा दिसत होता. डॉक्टर फोनवर नीट बोलत नाही, म्हणाला. कामाचा ताण असेल, असं आम्ही तिघांनी एकसुरात सांगितलं. मग तिची मुलाखत झाली. आणि त्यानंतर एका सकाळी, मी शिकवत असताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागचं दार उघडून धाकटा आत येऊन बसला.

स्टिअरिंगवर आमच्या शिकाऊ आजी होत्या. वय सत्तरीच्या आसपास, नवरा गेल्यावर गाडी शिकायला आलेल्या, आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. "हे कोण?" त्यांनी आरशातून विचारलं.

"माझा भाऊ. तुम्ही पुढे बघा."

"ताई," धाकटा म्हणाला, "सरकारचं पत्र आलंय. मी तीन गुन्हे लपवले, असं म्हणतायत. डॉक्टरने मुलाखतीत चार सांगितले."

सिग्नल हिरवा झाला. आजींनी गाडी हलवली नाही. मागे भोंगे सुरू झाले.

"मोटारसायकलची चोरी," तो पत्र वाचायला लागला, "मारहाण, आणि फसवणूक. ताई, यातलं तुझं कुठलं?"

मी काचेतून बाहेर बघत म्हटलं, "फसवणूक."

"वाटलंच. मारहाण भावोजींची असणार."

"आणि मोटारसायकल?" आजींनी विचारलं.

"आईची," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मला वाटलं, तो भडकेल. तो भडकला असता तर बरं झालं असतं, मलाही उलट बोलता आलं असतं. तो नुसता पत्राची घडी करत बसला. "तिला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तार, तुरुंग, सगळं. आणि मागे तिने मला तीनदा विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का? मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. मला कळेना ती असं का विचारतेय. आता कळलं. तुम्ही प्रत्येकाने फोन केलात की ती मला विचारायची, आणि मी नाही म्हणायचो. व्हिसाचं सोड गं. ती मला खोटारडा समजून बसलीय."

"तू समजावून सांग ना तिला."

"सांगितलं. ती म्हणते, तुझी आई तुझ्याबद्दल खोटं कशाला बोलेल?"

आजी म्हणाल्या, "खरंच की, कशाला बोलेल?" आणि त्यांनी गाडी पहिल्या गिअरऐवजी तिसऱ्यात टाकून बंद पाडली.

त्या संध्याकाळी आईच्या खोलीत दरबार भरला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे सगळ्यांनी कबूल केलं, पण आपापल्या आवृत्तीची बाजू कुणी सोडेना. आई म्हणाली, "मी किती साधं सांगितलं होतं! मित्राची गाडी न विचारता नेली म्हणून. ही काय चोरी झाली?" हे म्हणाले, "निदान मारामारीत माणूस शूर तरी दिसतो. मी तर म्हटलं, एका मुलीची छेड काढणाऱ्याला त्याने झोडपला."

"भावोजी," धाकटा म्हणाला, "मी आयुष्यात कुणाला झोडपलेलं नाही."

"ते तिला कुठे ठाऊक होतं?"

पत्रात दिलेल्या दिवशी आम्ही सगळे त्या कार्यालयात हजर झालो. एकमेकांना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, प्लास्टिकचं झाड, आणि टेबलामागे सर्दी झालेल्या एक अधिकारी बाई. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर डॉक्टर दिसत होती, तिकडच्या वकिलातीतल्या खोलीत बसलेली. तिने आईला नमस्कार केला. नवऱ्याकडे तिने पाहिलं, पण हसली नाही. धाकट्याने केस विंचरून चापून बसवले होते, शाळेच्या पहिल्या दिवशी आई बसवायची तसे. मला एकाएकी फार भीती वाटली. ती आता नको म्हणाली तर हा पुन्हा कुणाला काही खरं सांगायला जाणार नाही, हे मला दिसत होतं.

अधिकारी बाईंनी ह्यांच्यापासून सुरुवात केली. "मारहाण कुणाला झाली?"

"तशी… कुणालाच नाही."

"मग तुम्ही सांगितलीत कशाला?"

"मेव्हणा जरा मर्दासारखा दिसावा म्हणून."

बाईंनी नाक पुसलं आणि ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "फसवणूक?"

"त्याने नाही केली."

"मग कुणी केली?"

"बहुतेक मी."

तेही लिहिलं. पडद्यावर डॉक्टरच्या भुवया वर गेल्या होत्या.

"आजी, मोटारसायकल कुणाची होती?" त्यांनी आईला विचारलं.

"कुणाची नाही हो," आई म्हणाली. "त्याला ती चालवतासुद्धा येत नाही."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिघांनी मिळून मला सांगितलं की त्याने काय केलं नाही. आता काय केलं ते सांगा. फाइलमध्ये आहे, पण मला ते घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. या बाईंनाही ऐकायचं असेल. आजी, तुम्हीच सांगा."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आई हे बोलू शकणार नाही, याची मला खात्री होती. तिच्या वतीने सांगायला मी तोंड उघडलं, तर अधिकारी बाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी माझा ब्रेक दाबला.

"चोरी केली," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "कारखान्यातली तार चोरली. तिथे एक राखणदार होता, म्हातारा. तो यांच्या मागे धावला आणि पायऱ्यांवरून पडला. मांडीचं हाड मोडलं त्याचं. तो हाका मारत होता. आणि हा त्याला तसाच टाकून पळाला."

राखणदाराचं नाव आमच्या घरात कधीच निघालं नव्हतं. मला वाटायचं आईला ते ठाऊकच नाही. म्हणजे ती रोज कोर्टात शेवटच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती, आणि नंतर घरी येऊन बोटीच्या गोष्टी रचत होती. धाकटा मान खाली घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"नंतर तो माणूस काठी घेऊन चालायचा," आई म्हणाली. "मी बघून आले होते. याला सांगितलं नाही."

पडद्यावर डॉक्टर पुढे वाकली. "हेच," ती म्हणाली. "हेच त्याने मला सांगितलं होतं. असंच. तो हाका मारत होता आणि मी पळालो, म्हणाला."

अधिकारी बाईंनी फाइलमधलं एक पान उलटलं, पुन्हा सरळ केलं, आणि म्हणाल्या की त्यांच्या दृष्टीने गुन्हा एकच आहे आणि अर्जात तो खरा लिहिलाय. "माझ्याकडून अडचण नाही. पण आता मला यांना विचारावं लागेल. बाई, तुम्हाला अजून यायचंय का?"

डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. "आधी मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "आई, मला फोन करण्याआधी तुम्ही त्याला विचारलंत का, की बायकोला सांगितलंस म्हणून?"

"नाही गं," आई म्हणाली.

"ताई, तुम्ही?"

"वकीलबाईंनी विचारलं होतं आमच्यासमोर," मी म्हटलं. "तो हो म्हणाला."

"मग?"

"मग माझा विश्वास बसला नाही."

मी एवढं बोलले आणि मला लाज वाटली, साधी सरळ लाज. शिक्षा भोगून परत आलेला माझा भाऊ इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून नीट गाडी चालवत होता, आणि माझा पाय काही ब्रेकवरून निघाला नव्हता.

"माझाही नाही बसला," डॉक्टर म्हणाली. "तुम्हा तिघांचं ऐकलं आणि त्याचं नाही ऐकलं. मेलं माझंही चुकलंच." मग ती पहिल्यांदा नीट त्याच्याकडे वळली. "चार गुन्हे असते तरी मी आले असते रे. मला फक्त तू खोटं बोलतोस असं वाटत होतं, ते सहन होईना. तीनदा विचारलं तुला."

"चौथ्यांदा विचारलं असतंस तरी तेच सांगितलं असतं," धाकटा म्हणाला.

"यायचंय मला," डॉक्टर अधिकारी बाईंना म्हणाली. "आणि आल्यावर या तिघांशी बोलायचंय."

अधिकारी बाईंनी शिक्का मारला. कुठल्याशा कारणाने त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. मला वाटतं, त्या हसत होत्या.

आम्ही बाहेरच्या रिकाम्या व्हरांड्यात आलो. हे चष्मा आतच विसरले होते, तो आणायला परत गेले. मी गाडी काढायला म्हणून निघाले, चार पावलं गेलेही. मागे आई आणि धाकटा बाकावर टेकले होते. आई आपल्या चपलेकडे बघत होती.

"तिथे आत," ती म्हणाली, "जेवायला काय द्यायचे रे?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यालाही ते कळायला वेळ लागला.

"बटाटा," तो म्हणाला. "सकाळी बटाटा, संध्याकाळी बटाटा. उकडलेला, अळणी. रविवारी जरा मीठ घातलेला."

"रोज?"

"रोज."

आईने चपलेवरून नजर उचलली. "म्हणून आल्यापासून बटाट्याला हात लावत नाहीस होय."

"हो."

"मला वाटायचं," आई म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो हळूहळू सांगायला लागला, आत झोपायला काय होतं, थंडी कशी वाजायची, शेजारचा माणूस झोपेत कुणाचं नाव घ्यायचा. आई मध्ये मध्ये विचारत होती. मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसले.